सात नंबरच्या मेजाचे सेशन

१

कामावर आल्यावर बॅग खुंटीला अडकवायची, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि डेटाबेसमधल्या चालू सेशनची यादी उघडायची, हा त्याचा सोळा वर्षांचा परिपाठ होता. केंद्रातल्या बायका त्याला 'झाडूवाले' म्हणत. नाव थट्टेत पडले होते. पण कामाचे वर्णन म्हणून त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

केंद्राचे काम असे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरात भिंतीवर एक बटण बसवलेले असे. ते दाबले की केंद्रातल्या चोवीस मेजांपैकी एकावर दिवा लागे, आणि मदतनीस त्या घरी पोहोचेपर्यंत मेजावरची बाई हेडफोन लावून त्या वृद्धाला सोबत करी. संभाषण सुरू झाले की ॲप्लिकेशन सर्व्हर त्याच्यासाठी डेटाबेसचे एक कनेक्शन घेई आणि संभाषण संपेस्तोवर धरून ठेवी; त्याला सेशन म्हणत, आणि ते तुटले की फोनची लाइनही तुटे. अशी कनेक्शन एकंदर चाळीस. मेजे, दारोदार फिरणारे मदतनीस, नोंदणीची खिडकी, सगळ्यांनी त्या चाळिसांतच भागवायचे. भाड्याच्या सायकलींच्या दुकानासारखा हा व्यवहार: न्यावी, फिरवावी, परत आणून लावावी. पण काही महाभाग सायकल नेतात आणि भिंतीला टेकवून झोपी जातात. ती ना फिरते, ना परत येते. आणि दुकानाच्या दारात माणसे ताटकळतात. अशा निष्क्रिय सेशनना हुडकून बंद करणे, ही त्याची झाडलोट.

त्या सकाळी यादीत एकतीस सेशन होती. त्यांतली तीस दहा-पंधरा मिनिटांच्या आतली. एकतिसावे असे होते:

मेज ७. निष्क्रिय. शेवटची हालचाल: दुपारी एक वाजून सात मिनिटे.

तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची होती.

त्याने चष्मा पुन्हा पुसला. एकोणीस दिवसांत सर्व्हर दोनदा बंद करून सुरू केला होता. कोणतेही सेशन त्यातून तगणे शक्य नव्हते. शिवाय सात नंबरच्या मेजावर एकोणीस दिवसांत कुणी बसले नव्हते. ते मेज त्याच्या वहिनीचे होते.

२

त्याच्या थोरल्या भावाचे लग्न झाले तेव्हा तो शाळेच्या शेवटच्या वर्गात होता. वहिनीने घरात आल्यावर पहिल्या महिन्यातच त्याच्या फाटक्या दप्तराला अस्तर लावून दिले होते, आणि पुढे या केंद्रात जागा निघाली तेव्हा "आमचे भाऊजी मुखदुर्बळ आहेत, पण मशीनशी छान बोलतात," असे साहेबांना सांगून त्याला आत घेतलेही तिनेच. आता दोन्ही बिऱ्हाडे एकाच इमारतीत होती, तो खाली आणि भाऊ-वहिनी वर.

एकोणीस दिवसांपूर्वी दुपारी सात नंबरवर दिवा लागला. न्हाणीघरात पडलेले एक निवृत्त शिक्षक होते. कसेबसे सरपटत बटणापर्यंत आले होते. बोलले की धाप लागत होती. मदतनीस वाटेत होता. वहिनीने त्यांना सांगितले, "आता एक शब्द बोलू नका. उठू नका. नुसते पडून राहा. मी इथेच आहे." ते गप्प झाले आणि तीही गप्प बसली. ती शांतता पाच मिनिटे चालली. मग लाइन तुटली. पडद्यावर 'संभाषण समाप्त' अशी ओळ आली. मास्तरांना वाटले असावे की बाई गेल्या. ते उठायला गेले. मदतनिसाने दार उघडले तेव्हा फार उशीर झाला होता.

नोंदवहीत लिहून आले: 'समाप्त करणारा: मेज ७.' वहिनीला घरी बसवून चौकशी सुरू झाली.

त्या संध्याकाळी झाडूवाल्याने सर्व्हरचा आतला लॉग, म्हणजे यंत्राने स्वतःच ठेवलेल्या नोंदी, उघडला आणि खुर्चीतच खिळून बसला. अकरा दिवस आधी त्याने एक नियम लावला होता: पाच मिनिटे हालचाल नसलेले सेशन आपोआप तोडावे. मदतनिसांनी विसरलेली सेशन डोळ्यांसमोर ठेवून केलेला नियम. मेजांना त्यातून वगळायचे त्याला सुचलेच नाही. फोनवर पाच मिनिटे गप्प कोण बसते, असाच विचार त्याने केला होता. आणि तुटलेले सेशन ज्याच्या नावाने उघडले असेल, त्याच्याच नावाने बंद झाल्याची नोंद होते; ही तर सॉफ्टवेअरची जुनीच खोड.

त्याने मुकाट्याने पाच मिनिटांचे साठ केले. आतला लॉग पंधरा दिवसांनी आपोआप पुसला जातो. तो पुसला जाईपर्यंत तो काही बोलला नाही. आज नाही, उद्या सांगू. उद्या नाही, साहेब परत आले की सांगू. मग सोळावा दिवस उजाडला. आता सांगितले तरी दाखवायला काही उरले नव्हते, आणि न सांगितले तर पकडणारेही कुणी नव्हते. त्या दिवशी त्याला जे वाटले, ते सुटकेसारखे होते. ते आठवले की अजून त्याच्या कानशिलांत रक्त चढे.

३

सेशन तोडायला एक ओळ पुरते. त्याने ती लिहिली. यादीत तीस उरली. त्याने सुस्कारा टाकला, यादी ताजी केली. एकतीस.

मेज ७. निष्क्रिय. एक वाजून सात मिनिटे.

नवे सेशन जुन्या वेळेसह जन्माला येत नाही. घड्याळाची गडबड असेल, नोंदीचा तक्ता बिघडला असेल. त्याने पाच वेळा तोडले आणि ते पाच वेळा आले. शेवटी तो ॲप्लिकेशन सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकारिणीकडे गेला. तिच्या हुकमी आवाजामुळे सगळे तिला 'ताईसाहेब' म्हणत.

"आज झाडू मोडला की काय?" ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"तुझ्या साठ्यातून किती कनेक्शन बाहेर आहेत?"

"तीस."

"माझ्याकडे एकतीस दिसतायत."

"मग तो एकतिसावा पाहुणा तुझा. माझ्या दारातून आत गेलेला नाही." पण ती उठली आणि त्याच्या पडद्यापाशी आली. आणखी थट्टा न करता खुर्ची ओढून बसली. ताईसाहेबांच्या बाबतीत हे लक्षण चांगले नव्हते.

"हे बघ," ती म्हणाली. "कनेक्शन कुणाला द्यायच्या आधी ते जिवंत आहे का, हे बघायला माझा सर्व्हर एक फुटकळ प्रश्न टाकतो. 'एक दे.' तुझा डेटाबेस म्हणतो 'एक'. म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे. बरोबर?"

"बरोबर."

"तोच प्रश्न या सेशनमधून येतोय. मी विचारत नाहीये. तारेवरून येताना दिसतोय, आणि तुझा डेटाबेस दरवेळी उत्तर देतोय." तिने घड्याळ पाहिले, थांबली, पुन्हा पाहिले. "चार मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी. दरवेळी. आणि तरी यादी म्हणते निष्क्रिय. प्रश्न विचारणारा निष्क्रिय कसा रे?"

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"पाचाला एक सेकंद कमी," ती स्वतःशीच म्हणाली. "जसं काही पाचावर काहीतरी होतं, हे त्याला माहीत आहे. तू पाच मिनिटांची मर्यादा लावली होतीस का कधी?"

"नाही," तो म्हणाला.

ते इतक्या सहज निघाले की त्यालाच दचकायला झाले.

४

जेवणाच्या सुट्टीत मेजांचे दालन निम्मे रिकामे होई. कोपऱ्यातल्या चार-पाच बायका हेडफोन लावून हळू आवाजात बोलत होत्या. सात नंबर खिडकीपाशी होते. खुर्ची मेजाखाली सरकवलेली, पडदा काळा, हेडफोन आकड्याला टांगलेला. मेजाची वीजजोडणी चौकशी सुरू झाली त्याच दिवशी काढली होती. प्लग गुंडाळून, रबर लावून मेजावर ठेवला होता. त्याने तो हातात घेऊन पाहिला. मग मेजाखाली वाकून तारा तपासल्या. एकही जोडलेली नव्हती.

माणसाची बुद्धी अशा वेळी वकिलासारखी वागते; पक्षकार दोषी आहे हे ठाऊक असूनही एकेक मुद्दा मांडत राहते. दुसऱ्या कुठल्या यंत्राला चुकून सात हा क्रमांक दिला गेला असेल. कुणी तरी चाचणीचा प्रोग्राम चालू ठेवला असेल. तारा नाहीत, म्हणजे इथे काही नाही. हे सिद्ध करायचे तर हेडफोन कानाला लावून पाहणे एवढेच बाकी होते, आणि त्यात भिण्यासारखे काय होते?

त्याने तो लावला.

मृत हेडफोनमध्ये जी शांतता असते, ती कापूस कोंबल्यासारखी असते. ही तशी नव्हती. हिला जागा होती. हिला फरशी होती, ओली. कुठे तरी नळ ठिबकत होता आणि त्याचा आवाज फरश्यांच्या भिंतींवरून परत येत होता. आणि अगदी जवळ, जमिनीलगत, कुणी तरी श्वास घेत होते. जपून, मोजून, बोलू नका असे सांगितलेले माणूस घेईल तसा.

त्याने हेडफोन काढायला हात वर नेला आणि तो तिथेच राहिला. काढला तर तोडल्यासारखे होईल, हा विचार त्याच्या मनात शब्दांत आला नाही, हातात आला.

"झाडूवाले!" पलीकडच्या मेजावरची बाई हसून म्हणाली. "आता वहिनींच्या जागेवर बसणार की काय? आधी पगार विचारून घ्या!"

तो दचकला. हेडफोन आकड्यावर गेला. त्याने टांगला, की निसटला, हे पुढे त्याला कधीच नक्की सांगता आले नाही.

५

संध्याकाळी वरच्या बिऱ्हाडातून हाक आली. भाऊ कपड्यांच्या घड्या करत होता, आणि वहिनी जेवणाच्या मेजावर एक कोरा कागद घेऊन बसली होती. एकोणीस दिवसांत ती वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"बसा, भाऊजी. तुमच्याकडे एक काम आहे. नाही म्हणायचं नाही."

"बोला ना."

"उद्या दुपारी चौकशी आहे. मी ठरवलंय, सरळ कबूल करायचं. पण मला ते तसलं लिहिता येत नाही, 'सविनय सादर' वगैरे. तुमची भाषा चांगली आहे."

"काय कबूल करायचं?"

"माझाच हात लागला असणार." ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती, जणू तो घरातला नीट न वागणारा कुणी होता. "किती आठवून पाहिलं. मी माऊसला शिवले नव्हते असं वाटतं. पण यंत्र कशाला खोटं बोलेल? तिथे लिहिलंय ना, मेज सात."

"मी हिला सांगतोय," भाऊ म्हणाला, "की याला विचार. हा रोज त्या यंत्रात डोकं घालून बसतो. काय रे, आपोआप तुटू शकतं का ते?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. वहिनी त्याच्याकडे पाहत नव्हती. तिने नजर मुद्दाम कागदावर ठेवली होती. तिला आशा दिसू द्यायची नव्हती, हे त्याला कळले.

"तसं... सहसा नाही," तो म्हणाला.

"बघा," वहिनी भावाला म्हणाली, आणि कागद दिरासमोर सरकवला.

त्याने लिहिले. सोळा वर्षांत त्याने इतके नेटके काही लिहिले नव्हते. 'माझ्या हातून अनवधानाने संभाषण समाप्त झाले. त्यामुळे घडलेल्या दुर्दैवी घटनेची जबाबदारी मी स्वीकारत आहे.' तिने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते.

"छान लिहिलंत," ती म्हणाली. "जेवूनच जा आता."

आणि तो जेवला. तिने वाढले ते, पोटभर. अंथरुणावर पडल्यावर त्याला सगळ्यात जास्त ओशाळवाणे वाटले ते याचे.

६

दुसऱ्या दिवशी चौकशी एक वाजता होती. एक वाजता तो सात नंबरपाशी उभा होता. आपण इथे का आलो, याचे कारण त्याने स्वतःपुरते तयार ठेवले होते: तारा पुन्हा एकदा तपासायच्या. तारा त्याने तपासल्या नाहीत. तो खुर्चीत बसला आणि हेडफोन लावला.

ओली फरशी. नळ. श्वास.

मेजावरचा पडदा काळाच होता. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून सात मिनिटे झाली. श्वास थांबला. घोगरा, अतिशय सभ्य, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायची सवय असलेला पण आता जेमतेम ओठांबाहेर येणारा एक आवाज म्हणाला,

"बाई, आहात ना?"

मुखदुर्बळ माणसाला गप्प बसायला कारण लागत नाही, हे आयुष्यभराचे भांडवल त्याच्याजवळ होते. दोन मिनिटे गेली, तीन गेली. पलीकडे कुणी घाई करत नव्हते. घड्याळात एक वाजून बारा मिनिटे व्हायच्या बेतात असताना त्याला उमगले की या शांततेला मर्यादा घालणारा आता या इमारतीत एकच माणूस आहे.

"बाई गेल्या नव्हत्या," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "त्या इथेच होत्या. मी तोडलं. मीच."

उत्तर आले नाही. पण नळाचे ठिबकणे थांबले, आणि त्या फरशीवर, दूर कुठे तरी, एक दार उघडल्यासारखा आवाज झाला.

त्याने हेडफोन मेजावर ठेवला आणि जिन्याकडे धावला.

७

चौकशीच्या खोलीत लांब मेजामागे बाहेरून आलेले पांढऱ्या मिशांचे एक वयस्क अधिकारी बसले होते. वहिनी त्यांच्यासमोर होती आणि कबुलीचा कागद मेजावर उलगडलेला होता. पेनाचे टोपण काढलेले होते. सही व्हायची होती.

"थांबा," तो म्हणाला. धाप लागली होती. "तो कागद मी लिहिलाय. खोटा आहे."

मग त्याने सांगितले. अकरा दिवस चाललेला नियम, पाच मिनिटे, वगळायची राहिलेली मेजे, लॉग, त्याची पंधरा दिवसांची मुदत, सोळावा दिवस. सोळाव्या दिवशी काय वाटले, तेही सांगितले. ते कुणी विचारले नव्हते. सांगताना तो अधिकाऱ्यांकडे पाहत होता. वहिनीकडे पाहणे त्याला जमले नाही.

"पुरावा?" अधिकारी शांतपणे म्हणाले.

"नाही. तो मी पुसला जाऊ दिला." मग, आता झाकण्यासारखे काही उरलेच नाही म्हणून, त्याने पुढचेही सांगितले: यादीतले सेशन, तारा नसलेले मेज, न्हाणीघर, आवाज. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. एखादा वेडसर साक्षीदार निघाला की माणसे जितक्या हळुवारपणे पेन ठेवतात, तितक्याच हळुवारपणे.

वहिनीचे बोट 'अनवधानाने' या शब्दावर होते. रागाच्या, रडण्याच्या, कसल्याही उत्तराची त्याने तयारी केली होती. कानफटात बसली असती तर ती त्याने आशीर्वादासारखी घेतली असती.

"भाऊजी," ती शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना तिथे एकटं टाकून वर आलात?"

ती उठली. कागदाला, अधिकाऱ्यांना, कुणालाच काही न विचारता ती दाराबाहेर गेली. चपलांचा आवाज जिना उतरत गेला. तो तिच्या मागे गेला, पण दालनाच्या दारापर्यंतच. तिथून पुढे पाऊल टाकायचा आपल्याला अधिकार नाही, असे त्याला वाटले.

ती सात नंबरवर बसली होती. हेडफोन कानाला, डोळे मिटलेले. ओठ हलताना दिसत होते आणि शब्द इथवर येत होते: "हो. आहे मी. बोलू नका. नाही, आता जात नाही." मग ती थबकली. मान किंचित वळली, जसे बोलणाऱ्याच्या मागून आणखी कुणी काही म्हणते आहे. ती ऐकत राहिली. एका हाताने तिने दुसरा कान झाकला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि सरळ त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"भाऊजी," ती म्हणाली, "मास्तर एकटे नाहीयेत. तिथे माणसं आहेत. सगळी गप्प पडून आहेत." तिचा आवाज एकदम खाली आला. "अकरा दिवसांत किती जणांचं तोडलंत?"

तो आकडा त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्या अकरा दिवसांत लाइन तुटल्या की बायका म्हणत, म्हातारं माणूस, डोळा लागला असेल. थांबावे लागल्याच्या तक्रारी संपल्या म्हणून बैठकीत त्याचे कौतुक झाले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्याच्या मागे, आपल्या खोलीच्या दारात ताईसाहेब उभी होती.

"तुझी यादी बघ," ती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस भरली. एकही माझं नाही." तिने मागे वळून पडद्याकडे पाहिले. "आणि खाली अजून येतायत. पुढच्या पानावर."